पेन ड्राइव्हमधली हजार गाणी : पैसे नेमके कोणाला मिळतात?

कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाचा ट्रॅक्टर दिसण्याआधी त्यावरचं गाणं ऐकू येतं. ही गाणी येतात कुठून? बहुतेक वेळा तालुक्याच्या बाजारपेठेतल्या मोबाईलच्या दुकानातून. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड काउंटरवर ठेवायचं, "नवीन डीजे टाका, दोन-चार जुनी पण टाका" असं सांगायचं, पन्नास-शंभर रुपये द्यायचे. चहा पिऊन परत येईपर्यंत हजारभर गाणी पडलेली असतात.

मोबाईल डेटा स्वस्त झाल्यावर हा धंदा बसेल असं वाटलं होतं. कमी झाला, पण बसला नाही. शिवारात रेंज नसते, ट्रॅक्टरच्या टेपला पेन ड्राइव्हच लागतो, म्हाताऱ्या माणसाच्या साध्या मोबाईलला कार्डच लागतं. ज्याला दुकानात जायचं नाही तो फुकटच्या साइटवरून उतरवतो, किंवा यूट्यूबच्या व्हिडिओचा एमपीथ्री करून घेतो आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडतो.

यात चुकलं काय, असं विचारणारे पुष्कळ आहेत. गाणं म्हणजे काय शेंगदाणे आहेत का, मूठभर घेतले की पोत्यातले कमी होतील? एकाच्या कार्डवरून दुसऱ्याच्या कार्डवर गेलं तरी पहिल्याचं गाणं जागेवरच राहतं. मग चोरी कसली? हा मुद्दा खोटा नाही. कायदासुद्धा याला चोरी म्हणत नाही, स्वामित्व हक्काचा भंग म्हणतो. पण दुकानात शंभर रुपये दिले ते कशाचे? पेन ड्राइव्ह तर गिऱ्हाइकाचाच होता. विकत घेतली ती गाणीच. म्हणजे गाण्याला किंमत आहे हे घेणाऱ्याला मान्य आहे आणि विकणाऱ्यालाही. फक्त त्या किमतीतला एक रुपयासुद्धा गाणं लिहिणाऱ्याला, चाल लावणाऱ्याला, गाणाऱ्याला किंवा ढोलकी वाजवणाऱ्याला गेला नाही.

फुकटच्या साइटचंही तेच. तिथे खिशातून पैसे जात नाहीत, पण साइट चालवणाऱ्याला जाहिरातीचे मिळतात. त्या जाहिराती कशाच्या असतात ते एकदा नीट पाहावं : ऑनलाइन जुगार, झटपट कर्ज, आणि "डाऊनलोड" असं लिहिलेली चार-पाच खोटी बटणं. गाण्याऐवजी ज्या फाईलच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतं ती गाणं नसते, ते ॲप असतं. असलं ॲप मोबाईलमध्ये बसलं की मेसेज वाचू शकतं, बँकेचा ओटीपीसुद्धा. गाणं राहिलं बाजूला, खातं रिकामं.

एका गाण्यात किती वाटेकरी

गाणं ऐकताना आपल्याला एकच आवाज ऐकू येतो, पण कायद्याच्या नजरेत त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि जे रेकॉर्डिंग झालं ते निर्मात्याचं, म्हणजे बहुतेक वेळा म्युझिक कंपनीचं. गायकाचा आपल्या गायनावरचा हक्क त्याशिवाय वेगळा.

अभंगाचं उदाहरण घेतलं की हे लगेच कळतं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. ते कोणीही गावेत, कोणीही छापावेत. पण एखाद्या गायकाने तोच अभंग नव्या चालीत स्टुडिओत गायला, तर ती चाल संगीतकाराची आणि ते रेकॉर्डिंग निर्मात्याचं. भजनी मंडळाने देवळात बसून अभंग म्हटला तर कोणाची परवानगी लागत नाही. त्या गायकाची फाईल कार्डावर भरून विकली तर लागते. "देवाचंच आहे, त्याला कसला हक्क" हे शब्दांपुरतं खरं आहे, रेकॉर्डिंगपुरतं नाही.

हा हक्क कायमचा नसतो. शब्द आणि चाल यांच्यावर लेखक किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि रेकॉर्डिंगवर ते बाजारात आल्यापासून ६० वर्षं, असा भारतातला नियम आहे. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, म्हणून त्यांच्या लावण्यांचे शब्द केव्हाच मोकळे झाले. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या लेखनाची मुदत या हिशेबाने २०२९ अखेर संपते. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांच्या गीतांना अजून बराच अवधी आहे. गाणं जुनं आहे म्हणजे बेवारस आहे, असं नाही.

घरचं बी आणि पिशवीतलं बी

शेतकऱ्याला कॉपीराइटचा कायदा बियाण्याच्या कायद्यावरून पटकन समजेल. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी राखायची, पेरायची, शेजाऱ्याला द्यायची, विकायचीसुद्धा मोकळीक दिली आहे. बंदी आहे ती एकाच गोष्टीला : संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने पिशवीत भरून विकायचं नाही.

गाण्याचा कायदा १९५७ चा आहे आणि तो बियाण्याच्या कायद्याइतका सैल नाही. पण स्वतःपुरता वापर आणि धंदा यात फरक तोही करतो. खासगी वापरासाठी केलेल्या रास्त वापराला कलम ५२ मध्ये सवलत आहे. त्याचा अर्थ पायरसीच्या साइटवरून उतरवणं कायदेशीर झालं असा नाही. मात्र घरी ऐकायला एक गाणं उतरवणारा आणि रोज पन्नास कार्डं भरून विकणारा हे कायद्याला सारखे नाहीत. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. धंद्याच्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून ती कमी करू शकतं. म्हणजे खरी जोखीम कार्ड भरून देणाऱ्या दुकानदाराची. तो बिचाराही कुठला मोठा शेठ नसतो, गावचाच पोरगा असतो, रिचार्ज आणि कव्हर विकून भागत नाही म्हणून हे करतो. पण जोखीम त्याचीच.

गाणं फुकट ऐकायची रीत आपली नव्हेच

जात्यावरच्या ओवीला कोणी पैसे मागितले नाहीत. एकीने रचली, दुसरीने त्यात भर घातली, तिसरी सासरी घेऊन गेली. गाणं सगळ्यांचं असतं ही समजूत गावात आली ती तिथून, आणि ती चांगलीच आहे. पण ज्याचं पोट गाण्यावर आहे त्याला गावाने कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. कीर्तनकाराला बिदागी, गोंधळ्याला शिधा आणि दक्षिणा, वासुदेवाला सुपातलं धान्य. जत्रेच्या तमाशासाठी घरटी वर्गणी निघते. नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, तिथे गावोगावचे पंच जाऊन सुपारी ठरवतात, घासाघीस करतात. घासाघीस होते, पण फुकट नाच म्हणून कोणी सांगत नाही.

पैसे देण्याचा हा सरळ रस्ता रेकॉर्डिंगने बदलला. गाणारा एकदा गातो आणि आपण हजार वेळा ऐकतो. तो समोर नसतो, त्यामुळे द्यायचे कोणाला हा प्रश्नच पडत नाही. तबकडीच्या काळात एचएमव्हीची तबकडी मोजक्या घरांत असायची. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीपासून देवळाच्या भोंग्यापर्यंत पोचला. कॅसेट विकत घेतली जायची. तेव्हाही कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारे होतेच, पण एक कॅसेट भरायला तासभर लागायचा. आता तेवढ्या वेळात अख्ख्या गावाचं भागतं. 'सैराट' एप्रिल २०१६ मध्ये आला, जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात 'झिंगाट' गावोगाव पोचलं ते बहुतेक कार्ड, ब्लूटूथ आणि शेअरिंग ॲपवरून.

लिंक पाठवली तर वेगळं, फाईल पाठवली तर वेगळं

आज मात्र फुकट आणि विकत या दोनच वाटा उरलेल्या नाहीत, आणि हीच गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात आलेली नाही. गायकाच्या किंवा कंपनीच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर गाणं ऐकलं तर ऐकणाऱ्याचा डेटा सोडून एक पैसा जात नाही, तरी गाणं करणाऱ्याच्या बाजूला काहीतरी जमा होतं. जाहिरातीचे पैसे चॅनलला मिळायला लागण्यासाठी १ हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४ हजार तास पाहिलं जाणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). त्यानंतर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या कमाईतला ५५ टक्के हिस्सा चॅनलचा.

आता असं समजा की शेजारच्या गावच्या एका शाहिराच्या पोराने भीमगीत केलं, किंवा कोणी खंडोबाचं गाणं केलं. स्टुडिओचं भाडं, ढोलकी-कीबोर्डवाल्याचे पैसे, व्हिडिओ काढणाऱ्याचे पैसे, सगळं पदरचं. गाणं लोकांना आवडतं. मग कोणीतरी त्याचा एमपीथ्री करतो आणि ग्रुपवर टाकतो, तिथून तो पंचवीस ग्रुपवर जातो. जयंतीला चौकाचौकात तेच गाणं वाजतं. आणि चॅनलवर व्ह्यूज किती? काही हजार. हजार सबस्क्रायबरसुद्धा पुरे होत नाहीत, म्हणजे कमाई सुरूच होत नाही. गाव त्याचं कौतुक करतं आणि त्याच गावाने त्याचा हिशेब बुडवलेला असतो. मोठ्या सिनेमाच्या कंपनीला अशा फाईलने फारसा ओरखडा उठत नाही. इथे पुढचं गाणं होणार की नाही हे त्यावर ठरतं. फाईलच्या जागी लिंक पाठवायला तेवढाच वेळ लागतो.

लिंक पाठवतानाही चॅनल अधिकृत आहे का ते पाहावं. दुसऱ्याचं गाणं उचलून वर फुलांचे फोटो लावणारे चॅनल पुष्कळ आहेत. व्हिडिओखाली गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं आहेत का, त्या चॅनलवर त्याच लोकांची बाकीची गाणी आहेत का, एवढं पाहिलं तरी समजतं. यूट्यूबकडे कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. हक्कदाराने मूळ गाणं तिथे जमा केलेलं असेल तर दुसऱ्याच्या व्हिडिओत ते ओळखलं जातं. मग हक्कदार तो व्हिडिओ बंद करू शकतो किंवा त्याची कमाई स्वतःकडे वळवू शकतो. कांद्याच्या चाळीचा किंवा बैलजोडीचा व्हिडिओ टाकून त्यामागे सिनेमाचं गाणं लावणाऱ्या शेतकरी पोरांना हा अनुभव येतोच. तो गुन्हा दाखल झालेला नसतो, फक्त पैसे गाण्याच्या मालकाला जातात. कॉपीराइट स्ट्राइक मात्र वेगळी : ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनल बंद होऊ शकतो. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीत मोकळं संगीत मिळतं, ते वापरलं की झंझट नाही.

पैसे भरले म्हणजे सगळं रास्त, असंही नाही

स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक यांची महिन्याची वर्गणी भरली की जाहिराती जातात आणि गाणी उतरवून ऑफलाइन ऐकता येतात. रेंज नसलेल्या रानात त्याचा उपयोग आहे. ब्लूटूथचा स्पीकर असेल तर पेन ड्राइव्हचीही गरज नाही.

पण इथेही एक गोम आहे. एखाद्याने महिन्याला शंभर रुपये भरले आणि महिनाभर एकाच लोकगायकाला ऐकलं, तर ते शंभर त्या गायकाला जात नाहीत. साधारण पद्धत अशी की सगळ्यांची वर्गणी एका डबक्यात पडते, ॲप आपला हिस्सा ठेवतं, आणि उरलेले पैसे देशभरात कोणतं गाणं किती वेळा वाजलं त्या प्रमाणात वाटले जातात. मुंबईच्या मोठ्या गाण्यांना त्यातला मोठा घास. स्पॉटिफायने तर २०२४ पासून वर्षात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेली गाणी रेकॉर्डिंगच्या पैशांच्या वाटपातून वगळली. पुन्हा हे पैसे आधी हक्कदार कंपनीला मिळतात आणि तिथून कलाकाराला करारात असेल तसे. वर्गणी थांबली की उतरवलेली गाणीही बंद. कॅसेट निदान कपाटात राहायची. पैसे देऊन गाणं कायमचं आपलं करून घ्यायची सोय आपल्याकडे जवळपास संपल्यातच जमा आहे. सारेगामाचा 'कारवां' हा आधीच गाणी भरलेला रेडिओ २०१७ मध्ये निघाला आणि खपला, त्यामागे हेही कारण असणार.

म्हणून ज्याला ऐपत आहे त्याने वर्गणी जरूर भरावी, पण जवळच्या कलाकाराला त्यातून फार काही मिळालं असं समजू नये. त्याला मिळतं ते त्याच्या चॅनलवर जाऊन ऐकल्याने, आणि त्याहून जास्त जत्रेला-जयंतीला कार्यक्रमाची सुपारी दिल्याने. अर्ध्या सुपारीत डीजे येतो म्हणून शाहिराला नाही म्हणणाऱ्या मंडळांनी याचा विचार करायला हरकत नाही.

लग्नाची वरात आणि ढाबा

लग्नात गाणी वाजवायला लायसन्स लागतं का, हा प्रश्न दर सीझनला येतो. कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वाजवलेल्या गाण्यांना सवलत आहे आणि लग्नाची वरात, लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात धरावेत असं कायद्यातच स्पष्ट लिहिलं आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्याने तशी सूचनाही काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेलं परिपत्रक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. तरी कायद्यातली मूळ सवलत जागेवर आहे. एखादा कार्यक्रम तिच्यात बसतो की नाही एवढाच वाद होतो. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या गाण्याच्या कार्यक्रमालाही सवलत आहे. ढाबा, हॉटेल, तिकिटाचा ऑर्केस्ट्रा यांना मात्र लायसन्स लागतं : शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस, रेकॉर्डिंगसाठी पीपीएल किंवा संबंधित कंपनी. ही सवलत गाणं वाजवण्याची आहे, कार्ड भरून विकण्याची नाही.

गाणं करणाऱ्यांनी सही करण्याआधी

फसवणूक फक्त ऐकणाऱ्याकडून होते असं नाही. गावाकडचे बरेच गीतकार एका स्टॅम्प पेपरवर सही करून, एकदाच काय ते पैसे घेऊन गाणं कायमचं देऊन मोकळे झाले. २०१२ च्या दुरुस्तीने यात मोठा बदल केला. आता सिनेमातल्या किंवा सिनेमाबाहेरच्या गाण्याचा गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याशिवाय कोणालाही देऊन टाकू शकत नाहीत. दिला असं करारात लिहिलं तरी ते चालत नाही. अपवाद एवढाच की सिनेमा थिएटरात दाखवला जातो त्याची रॉयल्टी मागता येत नाही. गायकांनाही याच दुरुस्तीने व्यापारी वापराच्या मोबदल्यात हक्क मिळाला.

करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते, हे कलम १९ मध्ये आहे. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतासाठी. म्हणून "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगासाठी" हे दोन शब्द कागदावर कुठे आहेत ते आधी शोधावेत आणि त्यांची किंमत वेगळी मागावी. कॉपीराइट मिळायला नोंदणीची सक्ती नाही, गाणं रचून लिहिलं किंवा रेकॉर्ड केलं की हक्क तयार होतो. नोंदणी असली तर भांडणाच्या वेळी पुरावा होतो. शब्द आणि चालीची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएसचं सदस्यत्व गीतकार-संगीतकारांना घेता येतं. आणि सही झाली की कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो तिथेच मोबाईलमध्ये काढून घ्यावा, कारण मूळ कागद बहुतेक वेळा कंपनीच्या फाईलमध्येच राहतो.